नऊ फूट

टेपचं एक टोक इमामसाब नदाफांच्या हातात,
दुसरं माझ्या.
निपाणीत रस्ता रुंद होणार, म्हणून नगरपालिकेला
चंद्रकला टॉकीजचं माप हवंय:
लांबी, रुंदी, बांधकामाचा प्रकार, सध्याचा वापर.

दर्शनी भिंत पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाते.
माथ्यावर सिमेंटचा उगवता सूर्य, सहा किरणांचा;
सातवा वीजवाल्यांनी तारेसाठी फोडला.
त्याखाली नाव. किंवा नावं.
पोपडा निघालाय तिथं कानडीखाली मराठी दिसते,
मराठीखाली कानडी,
तिच्याखाली पुन्हा मराठी, निळ्या ऑइलपेंटात,
आणि सगळ्यांच्या आत नुसता चुना.

सूर्यामागं मात्र सरळ वखार.
मंगलोरी कौलं, सागाच्या कैच्या,
तंबाखूला वारं लागू नये म्हणून खिडकी एकही नाही.
एका साली भाव कोसळला.
तवनाप्पा चौगुल्यांकडं अंधार तयारच होता,
त्यांनी फक्त भोक पाडलं.
उतारासाठी भर घातली नाही, पुढं खणत गेले;
पडद्यापाशी अजून पाय गार पडतात.
"पयली दोन वर्सं पब्लिक शिंकायचं," इमामसाब म्हणतात,
"दुखाच्या सीनला तर कोण रडतंय, कोण शिंकतंय,
पत्त्या लागायचा न्हाई."

केबिनला तेरा पायऱ्यांचा लोखंडी जिना.
भिंतीवर कार्बनच्या काड्यांचे चटके
आणि पेन्सिलीनं, त्यांच्याच अक्षरात:
'रीळ ५ आलं नाही. ६ लावलं.
कोणी विचारलं नाही.'

बाहेरून लांबी एकशे अठरा.
आतून, भिंती धरून, एकशे नऊ.
पुन्हा मोजलं.
इमामसाब टेपकडं बघत राहिले,
माझ्याकडं नाही.
"चला मागनं," म्हणाले.

मागच्या बोळात एरंडाच्या झाडाआड
छातीइतकं एक दार.
आत दगडी पायऱ्यांच्या चार रांगा,
आणि समोर, हात लांब केला तर लागेल अशी,
गिलाव्याची पाठ. पडद्याची पाठ.

"तवा पडदा कापडाचा हुता.
खेळाच्या आदी पाणी मारायचो, आरपार दिसाय.
वखारीतल्या बायका हितं बसायच्या,
अर्ध्या तिकिटात.
सगळं उलटं दिसायचं त्यास्नी.
पाट्यासुदा. मराठी हाय का कानडी,
भांडणच न्हाई. वाचता कुणाला येत हुतं?"

सुंद्राआत्ती,
तंबाखू चाळून नखं पिवळी झालेली,
जेवताना आम्ही तिला मुद्दाम विचारायचो
आणि ती ठामपणे सांगायची,
सिनेमातली माणसं समदी डावरी असत्यात.
तलवार डाव्या हातानं, घासही डाव्या हातानं.
आम्ही ताटावर वाकून हसायचो.
ती चिडायची नाही. भाकरीचा तुकडा मोडत
म्हणायची, मी काय झोपत हुते व्हय रं तितं?

मला मात्र घरात मार बसायचा,
पेन्सिल डाव्या हातात धरली की.
आबांनी एकदा पट्टीच मोडली बोटांवर.
तेव्हा एकटी तीच मधे पडली होती:
"लिवू द्या त्याला. हिरो हुणार हाय."

मी ओव्हरसीअर झालो.

नऊ फूट. पुन्हा मोजायची गरज नव्हती, तरी मोजले.
रकान्यात डाव्या हातानं लिहिले.
'सध्याचा वापर'पाशी पेन्सिल थांबली.
इमामसाबांनी टोक सोडलं,
टेप दगडांवरून सळसळत
माझ्या मुठीत आली,
सोबत पन्नास वर्षांची तपकिरी धूळ घेऊन,

आणि मला शिंक आली,
किंवा तसंच काहीतरी.

इमामसाब दाराकडं तोंड करून उभे होते.
त्यांनी विचारलं नाही.